कोमट पाणी

१

सुधन्वाने बाबांना एकच नियम घालून दिला होता. शेडमध्ये पाऊल टाकलं की आधी रेडिएटरला तळहात लावायचा, मग बाकीचं काय ते. ट्रॅक्टरवरचा तापमानाचा काटा कुठल्या जमान्यात मेला होता कोण जाणे, त्यामुळे हातच काटा.

अंबादासरावांनी सगळी नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारच्या शेती-यंत्रांच्या खात्यात काढली. ट्रॅक्टरच्या फायली त्यांनी एवढ्या हाकल्या, की तेवढ्या मेहनतीत अर्धा हरियाणा नांगरून झाला असता. पण ट्रॅक्टरच्या सीटवर ते कधी बसले नव्हते. पोरगा निराळा निघाला. आठवडाभर गुरुग्रामच्या काचेच्या टॉवरमध्ये कॉम्प्युटरपुढे बसायचा आणि रविवारी अंगाला ग्रीस फासून घ्यायचा. पतौडीकडच्या एका खळ्यात ज्याच्यावर कोंबड्या बसायच्या तो हा ट्रॅक्टर, फाळणीच्या आसपास विलायतेहून आलेला. सुधन्वाने तो आणून सोसायटीमागच्या गावात, चौधरींच्या रोपवाटिकेच्या पाठीमागे, पत्र्याच्या शेडमध्ये उभा केला.

"बाबा, याला पाण्याचा पंपच नाही," तो कौतुकाने सांगायचा. "इंजिन तापलं की पाणी आपलं आपण वर चढतं, रेडिएटरमध्ये येऊन थंड होतं आणि परत खाली जातं. कुणी ढकलायला नको. बस, कुठेतरी गरम पाहिजे आणि कुठेतरी थंड."

गेल्या पौषात एक्स्प्रेसवेवर दाट धुक्यात गाड्या एकमेकींवर आदळल्या, त्यात सुधन्वा गेला. धुक्यामुळे मदत उशिरा पोचली. तोवर तो रस्त्याच्या कडेला, उघड्यावर पडून होता. त्याच्या आईला, कौशल्याबाईंना, इस्पितळात नेलं तेव्हा त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. "इतका गार कसा हो पडला?" एवढंच त्या विचारत राहिल्या. डॉक्टरांना विचारलं, गुरुजींना विचारलं, लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारलं. लहानपणापासून सुधन्वाला थंडी सोसायची नाही. दिल्लीत जन्मलेलं पोर, पण दिवाळी सरली की याच्या नाकाचा शेंडा लाल.

त्यानंतर कौशल्याबाई शेडकडे फिरकल्या नाहीत. अंबादासराव मात्र दर रविवारी जात राहिले. इंजिन फिरवलं नाही तर जाम होतं, असं ते सगळ्यांना सांगत. खरं म्हणजे माणसालाही काहीतरी फिरवत राहावं लागतं.

२

दिवाळीनंतर त्यांनी रेडिएटर धुवायला काढला. गुरुग्रामचं बोअरचं पाणी म्हणजे नावाला पाणी. बादलीला पांढरी किनार, नळाच्या तोंडाला दाढी. तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत गेलं की चुन्याचा थर धरतो आणि इंजिन धापा टाकायला लागतं. अंबादासरावांनी धुण्याचा सोडा घालून आतला सगळा गाळ काढला, करोल बागेतून नवा होज पाइप आणि क्लिपा आणून बसवल्या, आणि मग चांगल्या पाण्याला अडले. बाजारचं कूलंट सुधन्वा कधी घालायचा नाही. त्याने जुने सांधे पाझरतात, असं त्याचं ठाम मत.

घरी गॅलरीत, वाळल्या तुळशीच्या कुंडीमागे, एक पांढरा कॅन होता. सुधन्वा पावसाळ्यात गच्चीवर पाणी धरून असेच कॅन भरून ठेवायचा, खास रेडिएटरसाठी. अंबादासरावांनी त्यात पाणी तपासायचं मीटर बुडवलं. क्षारांचा आकडा बोअरच्या मानाने पुष्कळच खाली. झाकण लावताना त्यांचे डोळे भरून आले. पोराच्या हातचं पाणी अजून शिल्लक होतं म्हणायचं.

शेडमध्ये त्यांनी ते थेंब न सांडता ओतलं. रेडिएटर ते गुटगुट करत प्याला. मधे थांबला, पुन्हा प्याला. उन्हातून खेळून आलेलं पोर पितं तसं. नळ्यांतली हवा बाहेर पडते आहे, अंबादासराव मनात म्हणाले, आणि टोपण फिरवून घट्ट केलं.

३

मार्गशीर्षातल्या एका रविवारी, सकाळी, त्यांनी रेडिएटरला हात लावला आणि तो कोमट लागला.

त्यांनी हात काढला, स्वेटरला पुसला, पुन्हा लावला. कोमटच. बाहेर धुरकट थंडी, सूर्य म्हणजे एक पिवळा डाग, शेड उत्तरेला तोंड करून. पत्रा तापायचा प्रश्नच नव्हता. मग त्यांनी इंजिनच्या ठोकळ्यावर हात ठेवला. लोखंड असं गार, की बोटं आखडली. चूल विझलेली आणि वरचं पातेलं तेवढं कोमट, हा कुठला प्रकार?

ते रोपवाटिकेत गेले. चौधरी शेकोटीपाशी हुक्का ओढत बसले होते.

"चौधरीजी, रात को किसी ने ट्रॅक्टर चलाया क्या?"

"ना जी," चौधरी म्हणाले. "चलावेगा कौन? हँडल तो थारे धोरे सै."

तेही खरं. समोर घालून फिरवायचं ते लोखंडी हँडल अंबादासरावांच्या घरी, चपलांच्या कपाटात असायचं. त्याशिवाय हे धूड जागचं हलत नव्हतं.

ते परत आले. रेडिएटरच्या जाळीला कान लावला. आत पाणी हलत होतं. उकळत नव्हतं, ठिबकत नव्हतं, फक्त सावकाश वर चढत होतं आणि उतरत होतं. चढताना थोडा वेळ, उतरताना थोडा वेळ. अंबादासराव ऐकत राहिले आणि कधीतरी त्यांच्या ध्यानात आलं, की आपला श्वास त्या चालीने चालला आहे. ते झटकन उभे राहिले. त्या रविवारी त्यांनी इंजिन चालू केलं नाही.

४

गोष्ट मनात ठेवायची, असं ठरवून ते घरी आले आणि जेवताना बोलून गेले. आयुष्यभर गोपनीय फायली सांभाळलेला माणूस, पण बायकोपुढे पोटात काही राहत नसे.

कौशल्याबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "मला घेऊन चला."

"अगं, काही नाही. माझाच हात गार असेल, म्हणून कोमट वाटलं."

"चला म्हणते ना."

शेडच्या दारात त्या क्षणभर थबकल्या. मग सरळ पुढे गेल्या आणि रेडिएटरच्या वरच्या पितळी टाकीवर तळवा ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरची वर्षभराची आठी सुटत गेली, ती अंबादासरावांनी डोळ्यांनी पाहिली.

"ताप उतरायला लागला की त्याचं कपाळ असंच लागायचं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज जायला लागल्या. सकाळचं आवरलं की कपातला चहाही न संपवता रिक्षा. रेडिएटरला पाठ टेकून मोडक्या स्टुलावर बसायच्या. त्यांनी सुधन्वाची राखाडी शाल आणली आणि जाळीवर पांघरली. त्याच्याशी बोलायच्या. काय बोलायच्या? घरी वांग्याची भाजी केली, लिफ्ट पुन्हा बंद पडली, शेजारच्या कादंबरीचं लग्न ठरलं. अंबादासराव दाराशी उभे राहून ऐकायचे. बाई वर्षभरानंतर चार वाक्यं सलग बोलत होती, हसत होती. ते कोण तिला थांबवणार? मूग गिळून राहिले. चूक तिथेच झाली.

५

एका संध्याकाळी कौशल्याबाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला, तेव्हा बोटाला बोट लागलं. बोटं बर्फासारखी होती.

"किती गार हात! हातमोजे घाल ना."

"कुठे? मला तर बिल्कुल थंडी वाजत नाही, उलट बरं वाटतं."

त्यांच्या हातातला दुसरा कप वाफाळत होता. बोलता बोलता त्याची वाफ गेली. एक घोट घेऊन त्यांनी तो खाली ठेवला तेव्हा चहावर साय धरली होती.

अंबादासराव त्यांना सोसायटीजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं ठीक. "सर्दी है, माताजी. गरम कपडे पहनिए," डॉक्टर म्हणाले. थर्मामीटर दोनदा झटकला, तिसऱ्यांदा दुसरा आणला आणि हसून म्हणाले, की ही यंत्रं हल्ली काही खरी नाहीत.

घरात दोन रजया घातल्या, हीटर लावला. पाय गारच. अंबादासराव रजईत हात घालून ते पाय चोळत बसायचे. चोळून चोळून त्यांचे तळवे तापायचे, पायांना काही पोचायचं नाही.

आणि शेडमध्ये रेडिएटर आता कोमट राहिला नव्हता. शालीवरून हात लावला तरी ऊब लागायची.

अंबादासराव देवभोळे नव्हते. चतुर्थीला उपास करायचे तेही साबुदाण्याच्या खिचडीसाठी, असं कौशल्याबाई चिडवायच्या. हिशेबाने विचार करायचा, ही त्यांची सवय. ऊब हवेतून येत नाही. एकीकडे काही तापलं, तर दुसरीकडे काही निवत असतं. कुठेतरी गरम पाहिजे आणि कुठेतरी थंड, पोरानेच सांगितलं होतं. हा विचार पुरा करायचं धाडस त्यांना दोन दिवस झालं नाही. तिसऱ्या दिवशी बायकोचे ओठ निळे दिसले आणि विचार आपोआप पुरा झाला.

६

वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सदनातल्या एका ओळखीच्या माणसाने गुरुजी ठरवून दिले होते. तयारी करताना कौशल्याबाई गॅलरीत कितीतरी वेळ काहीतरी शोधत राहिल्या.

"अहो, तुळशीमागचा पांढरा कॅन बघितलात का?"

"तो? पावसाच्या पाण्याचा? रेडिएटरमध्ये घातला की दिवाळीनंतर."

अंबादासराव उठून दारात गेले. कौशल्याबाई गॅलरीचा कठडा धरून उभ्या होत्या.

"पावसाचं नव्हतं ते," त्या म्हणाल्या. "गढचं होतं."

"गढचं म्हणजे गंगेचं?"

"अस्थी सोडल्या ना आपण गढमुक्तेश्वरला. तुम्ही होडीतून उतरून गुरुजींशी बोलत होतात. मी तिथूनच भरून घेतलं. सोडल्या, तिथूनच. होडीवाला ओरडला, म्हणाला, इथलं भरू नका माँजी, वर जाऊन धारेचं भरा. इथलं घरी नेत नाहीत." त्यांचा आवाज फुटला. "माझ्याने रिकामे हात घेऊन येववेना हो. त्याला एवढ्या गार पाण्यात टाकून मी घरी रजईत कशी झोपणार होते?"

कॅन ओतताना ऐकलेला तो गुटगुट आवाज अंबादासरावांना आता नको तितका स्पष्ट ऐकू आला.

"कौशल्या, ते पाणी काढायला हवं."

"नाही."

"पाला पडणार आहे दोन दिवसांत, दंव गोठणार. चौधरी म्हणत होते, गव्हावर पांढरं येईल. आत पाणी गोठलं तर इंजिन तडकतं."

"गोठणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी आहे ना."

तेव्हा त्यांना कळलं, की आपली ऊब कुठे जाते आहे ते बाईला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

७

दुसऱ्या दिवशी दुपारीही धुकं विरलंच नाही. रोपवाटिकेतली झेंडूची रोपं हातभर अंतरावर पुसट झाली होती. कौशल्याबाई नेहमीसारख्या स्टुलावर होत्या, डोळे मिटलेले. त्यांच्या श्वासाची वाफ दिसत नव्हती. अंबादासरावांची दिसत होती, त्यांची नाही.

"ऊठ," ते म्हणाले.

"त्याला थंडी वाजते हो."

"मला ठाऊक आहे. मी बाप आहे त्याचा." त्यांनी तिच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला उभं केलं. अंगात काही वजनच राहिलं नव्हतं. "पण तो गेला, कौशल्या. तूही गेलीस तर या दिल्लीत मी कुणाशी मराठी बोलू?"

त्या रडल्या. वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडल्या, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. मग मान हलवून दाराशी जाऊन भिंतीला टेकल्या. चप्पल स्टुलापाशीच राहिली.

अंबादासराव रेडिएटरखाली वाकले. खालच्या टाकीला पितळी तोटी असते, ती उघडली की सगळं पाणी निघून जातं. त्यांनी तोटीला हात घातला. शालीच्या आत ते चढणं-उतरणं चालू होतं, पण आता जलद. घाईघाईने, धाप लागल्यासारखं.

खिशात पाण्याची एक स्टीलची बाटली होती, साधी, थर्मासही नव्हे. ती त्यांनी आधी रिकामी केली, तोटी किंचित सैल केली आणि बाटली तिच्याखाली धरली. क्षार तपासायला नमुना हवा, असं स्वतःला सांगितलं. बाटली भरली. झाकण लावून ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि तोटी पूर्ण उघडली.

पाणी स्वच्छ होतं. ना गंज, ना सोड्याची पांढरट झाक. धारेतून वाफ येत होती. शेडच्या फरशीला मागच्या मोरीकडे चांगला उतार होता. सुधन्वाने स्वतः गवंड्यापाशी उभं राहून तो काढून घेतला होता. पाणी जमिनीवर पडलं, क्षणभर पसरलं, आणि दाराकडे निघालं.

अंबादासराव बसल्या जागी बघत राहिले. पाणी चढ चढत होतं. घाई नव्हती, वाट चुकल्याचा भाव नव्हता. मधे ठेवलेल्या हत्यारांच्या पेटीला वळसा घालून, चपलेला बगल देऊन ते कौशल्याबाईंच्या अनवाणी पावलांपाशी पोचलं आणि तिथे थांबलं. दोन्ही पावलांभोवती. वाफेत काहीतरी खाली वाकल्यासारखं दिसलं, घरातून बाहेर पडताना मुलगा आईपुढे वाकतो तेवढंच, आणि तेवढाच वेळ.

कौशल्याबाईंचा हात आपोआप पुढे झाला. हवेत, कमरेच्या उंचीवर, कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावा तसा.

"सांभाळून जा रे बाळा," त्या म्हणाल्या.

मग पाणी पाण्यासारखं झालं. उताराला लागलं, मोरीत गेलं. जाताना ते अंबादासरावांच्या बुटांपासून वीतभर अंतरावरून गेलं. ते वाट बघत होते. पाणी थांबलं नाही.

८

कौशल्याबाई त्या संध्याकाळी दोन भाकऱ्या जेवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गालांवर रंग होता. वर्षश्राद्ध नीट पार पडलं, कावळ्यानेही ताटकळत ठेवलं नाही. शाल धुऊन गॅलरीत वाळत घातली गेली, तुळशीचं नवं रोप आलं. पाला पडला, गव्हावर पांढरं आलं, रिकामं इंजिन सुखरूप राहिलं. बाई आता शेजारणीशी बोलतात, कादंबरीच्या लग्नाला कुठली साडी नेसायची त्यावर वादही घालतात. सगळं मार्गी लागलं, असं कुणीही म्हणेल.

अंबादासराव अलीकडे सकाळी बराच वेळ आपल्या कपाटापाशी असतात. जुन्या फायली चाळत असतील, असं कौशल्याबाईंना वाटतं.

काल त्या पाठीमागून आल्या आणि सहज त्यांचा हात धरला. "अगं बाई! किती गार हात हे तुमचे."

"लोखंडात काम केलं ना," ते म्हणाले. "थंडी आहे."

"फाल्गुन लागला की हो. पंखे सुरू झाले लोकांकडे."

"अच्छा? असेल. चहा कर थोडा, आलं घालून."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज आला, गॅस पेटला. अंबादासरावांनी फायलींच्या मागे हात घातला आणि बाटली छातीशी धरली. आत पाणी सावकाश चढत होतं, उतरत होतं. आईच्या पाया पडून गेला, ते बरंच झालं. बापाचा निरोप राहिला होता, आणि बापाला काही घाई नव्हती.

बाटली आदल्या दिवसापेक्षा गरम लागली.